समाजमाध्यमे सोडावीत का? एका संगणकतज्ज्ञाचे दहा युक्तिवाद

ज्याने उभी हयात संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्यात घालवली, तोच माणूस ‘संगणकावरच्या या अमुक गोष्टीपासून दूर व्हा’ असे सांगू लागला, की त्याचे म्हणणे जरा निराळ्या कानाने ऐकावे लागते. जॅरन लनिअर हे असे गृहस्थ आहेत. जन्म १९६०, अमेरिकेतला. १९८३ साली त्यांनी कमोडोर ६४ या घरगुती संगणकासाठी ‘मूनडस्ट’ नावाचा खेळ लिहिला. डोळ्यांवर साधन चढवून आभासी जगात वावरण्याचे जे तंत्र पुढे आले, त्याच्या आद्य निर्मात्यांत त्यांची गणना होते. ‘व्हर्च्युअल रिअॅलिटी’ हा शब्दप्रयोग रूढ झाला तो मुख्यतः त्यांच्यामुळे. नंतर कित्येक वर्षे त्यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये काम केले. तेव्हा यंत्रांचा तिटकारा असलेला, ‘पूर्वीचे सगळे चांगले होते’ म्हणणारा हा माणूस नव्हे. २०१८ साली त्यांचे ‘टेन आर्ग्युमेंट्स फॉर डिलीटिंग युअर सोशल मीडिया अकाउंट्स राइट नाउ’ हे पुस्तक आले. समाजमाध्यमांवरची आपली खाती आत्ताच्या आत्ता काढून टाका, आणि का, तर त्याची ही दहा कारणे, असा एकूण मामला. जेमतेम दीडशे पानांचे पुस्तक आहे. एका रविवारी वाचून होते.

शिक्षकांनी ते वाचावे असे आम्हांला वाटते. पहिल्या प्रकरणात एक गोष्ट अशी समजावून दिलेली आहे, की ती आठवी-नववीच्या वर्गात नेता येईल. मात्र पुस्तक शेवटी जो उपाय सांगते, तो आम्हांला पटलेला नाही. त्या न पटण्याचाच हिशेब येथे मांडायचा आहे.

आधी पटलेले. समाजमाध्यम फुकट असते, आणि खर्च भरून निघतो जाहिरातदारांकडून, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. लनिअर पुढचे विचारतात. जाहिरातदार नेमके काय विकत घेतो? पूर्वीच्या जाहिरातीत तो भिंतीवरची किंवा वर्तमानपत्रातली जागा विकत घेत असे. येथे त्याला मिळते ती आपल्या वागण्यात थोडासा बदल घडण्याची शक्यता. आणि हा बदल घडवून आणण्याचे काम माणूस करत नाही, अल्गोरिदम करतो. तो कसा करतो?

त्यांचे उदाहरण सोपे आहे. तुम्ही मांजराचा एक व्हिडिओ पाहिलात. तो संपल्यावर पाच सेकंदांनी जाहिरात दाखवली, तर तुम्ही ती पाहण्याची शक्यता काहीएक असते. अल्गोरिदम कधीतरी साडेचार सेकंदांनी दाखवून पाहतो. शक्यता वाढली, तर साडेचार कायम. मग चार. असे करता करता एक वेळ अशी येते, की थोडे इकडे किंवा थोडे तिकडे सरकून काहीच सुधारत नाही. तेव्हा तो मुद्दाम एक लांब उडी मारतो आणि एकदम अडीच सेकंदांवर प्रयत्न करून पाहतो.

ही उडी कशासाठी, हे वर्गात सांगायचे असेल तर सह्याद्रीचे चित्र घ्यावे. दाट धुके आहे, हातभर अंतरापलीकडचे दिसत नाही, आणि तुम्हांला सर्वांत उंच जागी पोचायचे आहे. तुमचा नियम एकच: पायाला जिकडे चढ लागेल तिकडे पाऊल टाकायचे. हा नियम पाळणारा माणूस कुठल्यातरी टेकाडाच्या माथ्यावर जाऊन उभा राहील. तेथून चारही दिशांना उतारच. त्याला वाटेल, आलो शिखरावर. आणि १६४६ मीटरचे कळसूबाई शेजारी धुक्यात तसेच राहील. यातून सुटायचे तर अधूनमधून चढ-उताराचा विचार न करता कुठेतरी लांब जाऊन पाहिलेच पाहिजे. गणितात ही युक्ती जुनी आहे आणि तिच्यात वाईट असे काहीच नाही. मुलांना वहीत एक वेडीवाकडी रेघ काढायला सांगून, तिच्यावर कागद झाकून, फासा टाकत हा खेळ खेळता येतो. आम्ही खेळून पाहिला आहे. वीस मिनिटांत मुलांना ‘अडकणे’ म्हणजे काय ते कळते.

आता लनिअर यांचा खरा मुद्दा. अल्गोरिदमने उडी मारली ती चांगली जागा शोधण्यासाठी. पण पडद्यासमोर बसलेल्या माणसाच्या वाट्याला काय येते? कधी मनाजोगते, कधी भलतेच, आणि केव्हा काय येईल याचा भरवसा नाही. नेमका हाच अनुभव मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना दिला होता. स्किनर आणि फर्स्टर यांनी कबुतरांवर केलेले प्रयोग १९५७ साली ग्रंथरूपाने आले. ठोकळ्यावर चोच मारली की दर वेळी दाणा, अशी सवय लागलेले कबूतर दाणा बंद झाल्यावर लवकरच चोच मारणे सोडते. ज्याला कधी दाणा मिळतो, कधी नाही, ते मात्र दाणा बंद झाल्यावरही कितीतरी वेळ चोच मारत राहते. म्हणजे शोध सुधारण्यासाठी गणिताने आणलेली अनिश्चितता आणि सवय घट्ट करणारी अनिश्चितता या दोन्ही एकच निघाल्या. कुणी खोलीत बसून मुलांना व्यसन लावण्याचा कट केलाच पाहिजे असे नाही. यंत्राला ‘लोक जास्त वेळ थांबतील असे कर’ एवढेच सांगितले, की बाकीचे आपोआप घडू शकते. आपल्याकडे या विषयावर जी भाषणे होतात त्यांत एकतर कंपन्यांना राक्षस ठरवतात किंवा मुलांना आळशी. हे स्पष्टीकरण दोन्हींपेक्षा कितीतरी सरस आहे.

उरलेल्या नऊ प्रकरणांविषयी एवढे लांबवण्याची गरज नाही. माध्यमांमुळे आपण उद्धट होतो (त्यासाठी त्यांनी वापरलेला इंग्रजी शब्द शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने उच्चारता येणार नाही), सत्याची हानी होते, दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहण्याची शक्ती कमी होते, आपण दुःखी होतो, राजकारण अशक्य होते, वगैरे. यांपैकी आठवे प्रकरण मात्र वाचण्यासारखे आहे. भाषांतर करणारा संगणक जिवंत माणसांनी केलेली भाषांतरे रोजच्या रोज गोळा करत असतो, कारण भाषा रोज बदलते; पण ज्यांची भाषांतरे घेतली त्यांना ना पत्ता लागतो ना मोबदला मिळतो. २०१८ साली केलेली ही तक्रार आजच्या बोलक्या संगणकांना जास्तच लागू पडते. या सगळ्या यंत्रणेला लनिअर यांनी ‘बमर’ असे एक लघुनाम दिले आहे आणि पुस्तकभर ते वापरले आहे. आम्हांला ते चौथ्या प्रकरणापासून कंटाळवाणे वाटू लागले.

आता आक्षेप. पहिल्या प्रकरणाचे शीर्षकच असे, की तुमची स्वतंत्र इच्छाशक्ती नष्ट होत आहे. पुरावा म्हणून ज्या प्रयोगांचा नेहमी दाखला देतात, ते पाहू. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने ६,८९,००३ लोकांच्या पडद्यावर आठवडाभर फेरफार केला: काहींना आनंदाच्या पोस्टी कमी दाखवल्या, काहींना दुःखाच्या. लोकांना विचारले नव्हते, त्यामुळे २०१४ साली शोधनिबंध आल्यावर गदारोळ झाला, आणि तो योग्यच होता. पण परिणाम किती निघाला? आनंदाच्या पोस्टी कमी दिसल्या त्यांच्या लिहिण्यात आनंदाचे शब्द शेकडा ०.१ एवढे घटले. म्हणजे हजार शब्दांमागे एक. याला इच्छाशक्तीचा नाश म्हणता येणार नाही.

पण म्हणून हसण्यावारी नेण्यासारखेही हे नाही. नोव्हेंबर २०१० च्या अमेरिकी निवडणुकीच्या दिवशी फेसबुकने सुमारे ६ कोटी १० लाख लोकांवर दुसरा एक प्रयोग केला. बहुतेकांना ‘मतदान करा’ असा संदेश दिसला आणि सोबत मत दिलेल्या मित्रांचे चेहरे. संशोधकांच्या अंदाजाने त्यामुळे सुमारे ३ लाख ४० हजार मते जास्त पडली. एकेका माणसाच्या पातळीवर परिणाम नगण्य, आणि बेरीज मात्र एखाद्या अटीतटीच्या निवडणुकीचा निकाल फिरवील एवढी. लनिअर स्वतः सांगतात, की हा प्रभाव सांख्यिकी स्वरूपाचा आहे. मग ‘तुमची’ इच्छाशक्ती गेली असे शीर्षक कशाला? दहावीचा मुलगा ते वाचतो, स्वतःकडे पाहतो, म्हणतो, ‘माझी तर काही गेलेली नाही,’ आणि पुस्तक मिटवतो. त्याचे काही चुकले असे आम्हांला वाटत नाही.

दुःखाचेही तसेच. २०१८ च्या अमेरिकी मध्यावधी निवडणुकीआधी अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावले. कुणी बंद ठेवायचे ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते. निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. बंद ठेवणाऱ्यांना दिवसाला सरासरी तासभर मोकळा मिळाला. घरच्यांशी आणि मित्रांशी भेटीगाठी वाढल्या, आणि एकट्याने टीव्ही पाहणेही वाढले! समाधान वाढले, पण थोडेसेच. राजकीय मतांतला टोकाचा कडवेपणा कमी झाला, आणि त्याबरोबर चालू घडामोडींची माहितीही कमी झाली. प्रयोग संपल्यावरही हे लोक पूर्वीपेक्षा फेसबुक कमी वापरू लागले. म्हणजे लनिअर यांची दिशा बरोबर आहे. पण त्यांच्या जमाखर्चाला जमेची बाजूच नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा आपल्यापैकी कितीजणांनी वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावरून गणिते पाठवली आणि वहीच्या पानाचा फोटो पाहून ती तपासली? ज्या घरी फोन नव्हता त्या घरचे मूल बाहेर राहिले, हे खरे; पण गटच नसता तर सगळीच राहिली असती. ज्याचे मोल एवढे रोकडे अनुभवले, ते सोडा म्हणताना निदान त्याची नोंद तरी करायला हवी.

यापेक्षा मोठा आक्षेप दुसराच आहे, आणि तो महाराष्ट्रातल्याच एका घटनेवरून घ्यावा लागतो. लनिअर यांच्या मते दोष जाहिरातीवर चालणाऱ्या व्यवसायाचा आहे. पैसे देऊन वापरायची माध्यमे आणा, अल्गोरिदमचा हा हव्यास जाईल, आणि माणसे पुन्हा माणसांसारखी बोलतील. पुस्तक २०१८ च्या मे महिन्यात आले. त्यानंतर काही आठवड्यांतच, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा या गावी पाच जणांना जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातले भिक्षेकरी होते. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या काळात व्हॉट्सअॅपवरून पसरत होते, आणि हीच ती टोळी असे लोकांनी ठरवले.

त्या वेळच्या व्हॉट्सअॅपमध्ये काय होते ते आठवा. जाहिरात नव्हती. पुढे काय दाखवायचे ते ठरवणारा अल्गोरिदम नव्हता. आवडले, नावडले असा शिक्का नव्हता. धुक्यातला गिर्यारोहक तेथे नव्हताच. संदेश माणसांनी माणसांना पाठवले. मेहुण्याने, शाळासोबत्याने, गावच्या ओळखीच्या पोराने. ओळखीचा माणूस पाठवतो म्हणूनच त्यावर विश्वास बसला. व्हॉट्सअॅप तेव्हा फेसबुकच्या मालकीचे होते हे खरे, पण मालकाच्या नफ्याने या घटनेचा उलगडा होत नाही.

आणि हे यंत्राआधीपासूनचे आहे. २१ सप्टेंबर १९९५ चा दिवस आपल्यातल्या ज्येष्ठ शिक्षकांना आठवत असेल. सकाळी गणपती दूध पितो अशी बातमी निघाली आणि दुपारपर्यंत देशभर देवळांपुढे रांगा लागल्या. तेव्हा मोबाइल फोन नुकताच आला होता आणि मूठभर लोकांकडे होता. बातमी पोचली ती घरच्या फोनवरून आणि तोंडोतोंडी. चमच्यातले दूध मूर्तीला टेकले की पृष्ठताणामुळे ओढले जाते आणि अंगावरून पातळ थराने खाली ओघळते, हे त्या आठवड्यात पुष्कळ शिक्षकांनी वर्गात करून दाखवले, आणि विज्ञानाचा तो एक उत्तम तास झाला. पण बातमी पसरली कशी हा प्रश्न त्या तासाला कुणी विचारला नाही. आम्हीही विचारला नाही. आज तो विचारावासा वाटतो, कारण पृष्ठताण समजलेला माणूससुद्धा मुले पळवणाऱ्या टोळीचा संदेश पुढे पाठवतो. ‘खोटा असला तर काय बिघडले, खरा असला तर कुणाचे तरी मूल वाचेल,’ असा त्याचा हिशेब असतो. हा हिशेब चांगुलपणाचा आहे, म्हणूनच तो अवघड आहे. लनिअर यांच्या पुस्तकात याला उत्तर नाही.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मर्यादा जाहीर केली: संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल. खाते कुणी बंद केले नाही. यंत्राची एक चावी थोडी आवळली गेली. असले मधले उपाय लनिअर यांना फारसे मोलाचे वाटत नाहीत, आणि येथे आमचा मार्ग त्यांच्यापासून वेगळा होतो.

दुसऱ्या प्रकरणात ते शिशाच्या रंगाचा दाखला देतात. रंगातले शिसे घातक आहे हे कळल्यावर घरे रंगवायचीच नाहीत असे कुणी म्हटले नाही. दबाव आला, कायदे झाले, शिसे नसलेला रंग बाजारात आला, आणि तो येईपर्यंत शहाणी माणसे थांबली. तसेच आपण चांगले माध्यम येईपर्यंत थांबावे. दाखला रसायनशास्त्राच्या शिक्षकाला आवडेल असा आहे, पण तो लनिअर यांच्याच विरुद्ध जातो. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली १९७८ साली. भारतात २०१६ साली नियम झाले आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा लागू झाली. जिने रंग विकत घेण्याचे थांबवले अशा शहाण्या गिऱ्हाइकाने हे केले नाही. डब्यात शिसे किती आहे हे गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसतच नाही. शिसे मोजणाऱ्या प्रयोगशाळा आणि ते बंद करणारे नियम, या दोघांनी ते काम केले.

शिवाय रंग आणि माध्यम यांत एक मूलभूत फरक आहे. मी माझी भिंत रंगवली नाही, तर शेजाऱ्याच्या रंगवलेल्या भिंतीने माझे काही अडत नाही. समाजमाध्यमाची किंमतच मुळी ‘बाकीचे तेथे आहेत’ ही असते. या बाबतीत अमेरिकेतल्या हजाराहून जास्त महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास २०२३ साली पुढे आला. त्यांना विचारले: चार आठवडे टिकटॉक बंद ठेवायचे किती पैसे घ्याल? बाकीचे विद्यार्थी ते वापरत राहणार असतील, तर सरासरी ५९ डॉलर हवेत, असे उत्तर आले. इन्स्टाग्रामसाठी ४७. मग दुसरा प्रश्न: तुमच्यासकट सगळ्यांचेच बंद होणार असेल तर? आता उत्तर उलटले. सगळ्यांचे बंद व्हावे म्हणून विद्यार्थी पदरचे पैसे द्यायला तयार झाले, टिकटॉकसाठी सरासरी २८ डॉलर आणि इन्स्टाग्रामसाठी १०. एकाच वस्तूची किंमत एका प्रश्नात अधिक आणि दुसऱ्यात उणे! वस्तू आवडते म्हणून नव्हे, तर इतर तेथे असताना आपण एकटे बाहेर राहू या धास्तीने कित्येकजण तेथे आहेत. अशांना ‘तू बाहेर पड’ म्हणून सांगणे म्हणजे दर वेळी ५९ डॉलरचा भुर्दंड एकेकट्याच्या माथी मारणे.

लनिअर यांना याची अजिबात कल्पना नाही असे नव्हे. सगळ्यांना बाहेर पडणे परवडत नाही, हे ते मान्य करतात. ज्यांना परवडते त्यांनी निदान सहा महिने बाहेर राहून पाहावे, म्हणजे बाहेरून बोलणारे कुणी तरी असेल, एवढीच त्यांची मागणी शेवटी उरते. ही मागणी रास्त आहे. पण मग शीर्षकातला ‘आत्ताच्या आत्ता’ कुणासाठी? ज्याचे नाव झाले आहे, पुस्तके खपतात, फोन केला की माणसे भेटतात, त्याला खाते नसले तरी चालते. शाळेच्या सूचनाच गटावर येतात अशा शिक्षिकेला, किंवा गृहपाठच गटावर पडतो अशा मुलीला, कसे चालेल?

सगळे एकदम बाहेर पडले की काम होते, असेही मात्र समजू नये. आपल्याकडे जून २०२० मध्ये सरकारने टिकटॉकवर बंदी घातली; एका दिवसात सगळे बाहेर. जुलैत इन्स्टाग्रामने भारतात तसलेच छोटे व्हिडिओ सुरू केले आणि पुष्कळजण तेथे गेले. ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालच्या मुलांना मोठ्या माध्यमांवर खाते ठेवण्यास १० डिसेंबर २०२५ पासून मनाई केली आहे. आम्हांला त्याहून आशादायक वाटते ते भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातले एक कलम. मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिराती दाखवू नयेत, असे ते म्हणते. मुलाला हाकलण्याऐवजी ते यंत्राच्या हातातली काठी काढून घेते. लनिअर यांच्या पहिल्या प्रकरणातून निघणारा खरा उपाय हाच आहे, आणि आश्चर्य असे, की त्यांनी स्वतः तो जेमतेम चाचपला आहे.

हे पुस्तक वर्गात न्यायचे झाले, तर दोन चिठ्ठ्यांचा प्रयोग करून पाहावा. नववी-दहावीच्या मुलांना पहिल्या कोऱ्या चिठ्ठीवर, नाव न घालता, एक आकडा लिहायला सांगा: तू सगळ्यांत जास्त वापरतोस ते माध्यम महिनाभर बंद ठेवायचे, बाकी वर्गाचे चालू राहील, तर किती रुपये घेशील? चिठ्ठ्या गोळा करून बाजूला ठेवा. दुसरा प्रश्न त्यानंतरच सांगा, नाहीतर मुले आकडे जुळवून लिहितात: अख्ख्या वर्गाचे बंद होणार असेल, तर किती घेशील, की उलट द्यायला तयार आहेस? द्यायचे असेल तर आकड्याआधी उणे चिन्ह. ज्यांच्या घरी फोन नाही त्यांनी ‘नाही’ असे लिहावे आणि त्यांची वेगळी संख्या फळ्यावर मांडावी. सरासरी काढताना एखाद्याने दहा लाख लिहिले असतील तर काय करायचे, यावर मध्यक शिकवता येतो. त्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीतही चिठ्ठ्या फिरवाव्यात. दोन्हीकडचे आकडे आम्हांला कळवलेत, तर पुढच्या एखाद्या अंकात ते शेजारी शेजारी छापू.